गाडी एमिशन टेस्टला फेल का होते? कॅट बदलायच्या आधी चिठ्ठी वाचा

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुनी गाडी आणि धुराची टेस्ट ह्या विषयावर प्रश्न मागवले होते, पत्रं एवढी आली की बाकीचे विषय ह्या वेळी बाजूलाच ठेवलेत. जवळजवळ प्रत्येक पत्राची गोष्ट एकच आहे, गाडी फेल झाली, मग काहीतरी बदललं, परत फेल झाली, मग अजून काहीतरी बदललं. टेस्टच्या चिठ्ठीवर आकडे नेमके काय होते हे मात्र फार थोड्यांनी लिहिलंय. ज्यांनी लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतो, कारण त्यावरून बाकीच्यांनाही आपापली चिठ्ठी वाचता येईल. पास-फेलची मर्यादा ठिकाणाप्रमाणे आणि गाडीच्या वर्षाप्रमाणे बदलते, ती तुम्ही बघून घ्या, इथे आपण फक्त बिघाड कुठे आहे ते शोधतोय.

प्रश्न: नमस्कार सर, माझी पेट्रोल गाडी वीस वर्षं जुनी आहे, फ्युएल इंजेक्शनवाली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा) कंपनीचाच आहे अजून. चालायला तक्रार नाही, ॲव्हरेज थोडं कमी झालंय पण म्हटलं वयामुळे असेल. ह्या वेळी सीओवर फेल झाली. रेस करून घेतलेले आकडे असे आहेत: सीओ १.६ टक्के, एचसी ९० पीपीएम, सीओटू १३.५, ऑक्सिजन ०.१, लॅम्डा ०.९५. मेकॅनिक म्हणतो कॅट गेला, नवीन टाका. खर्च मोठा आहे, टाकू का?

उत्तर: नका टाकू, निदान आत्ता तरी नको. तुम्ही सगळे आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत, कारण ह्या चिठ्ठीवर कॅट गेल्याचा पुरावा कुठेच नाहीये.

आधी आकडे काय सांगतात ते बघू. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, एचसी (हायड्रोकार्बन) म्हणजे अजिबात न जळलेलं पेट्रोल, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) म्हणजे नीट जळलेलं, आणि ऑक्सिजन म्हणजे जळून उरलेली हवा. लॅम्डा हा ह्या सगळ्यांवरून काढलेला हिशोब, एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा मिळाली की लॅम्डा बरोबर १ येतो. एकच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त, रिच. एकच्या वर म्हणजे हवा जास्त, लीन. तुमचा ०.९५ आहे, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय हे उघड आहे.

आता कॅटचं बघा. सीओ आणि एचसी जाळायला कॅटला ऑक्सिजन लागतो आणि तो त्याला एक्झॉस्टमधूनच मिळतो, बाहेरून नाही. तुमच्याकडे उरलाय ०.१, म्हणजे जेवढा मिळाला तेवढा कॅटने वापरून टाकलाय, पुढचा सीओ जाळायला त्याच्याकडे काही शिल्लकच नाही. नवीन कॅटसमोरही हीच परिस्थिती असणार. नवीन कॅटमध्ये थोडा ऑक्सिजन साठवून ठेवायची सोय असते पण सतत रिच मिश्रण आलं तर ती पुरत नाही. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर हा नवा संन्यासीही त्याच मिश्रणावर चालून काही काळाने खराब होणार.

तेव्हा प्रश्न असा की जास्तीचं पेट्रोल येतंय कुठून. इथे एक साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून आतले आकडे वाचायचं यंत्र, फार कामाचा आहे, त्यात फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघा. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय ते त्यात दिसतं. ट्रिम बरंच मायनसमध्ये असेल, समजा वजा वीसच्या आसपास, तर ईसीयूला कळलंय की पेट्रोल जास्त होतंय, तो कमी करायचा पूर्ण प्रयत्न करतोय पण पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येतंय. ट्रिम प्लसमध्ये असेल तर ईसीयू फसलाय, त्याला वाटतंय मिश्रण लीन आहे आणि तो स्वतःच पेट्रोल ओततोय. आणि ट्रिम शून्यावर गोठलेलं असेल, हलतच नसेल, तर ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकायलाच लागलेला नाही, बहुतेक वेळा त्याला इंजिन अजून थंडच वाटत असतं. ह्या तीन वाटांपैकी आपली कोणती हे कळलं की अर्धं काम झालं.

गोठलेल्या ट्रिमपासून सुरू करू कारण जुन्या गाडीत हे खूप दिसतं आणि सगळ्यात स्वस्तात सुटतं. इंजिन थंड असताना ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, आणि इंजिन गरम झालं हे त्याला सांगतो कूलंट टेंपरेचर सेन्सर. बऱ्याच गाड्यांत ह्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० डिग्रीला दोन-अडीच हजार ओहम आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास असतो, गरम होईल तसा कमी कमी होत जातो. सेन्सर म्हातारा झाला किंवा त्याचा कनेक्टर हिरवा पडला की गरम इंजिनातही हजार-दीड हजार ओहम दाखवतो, आणि ईसीयू बिचारा तेच खरं मानून पेट्रोल देत राहतो. डॅशबोर्डचा काटा बरोबर दाखवत असला तरी फसू नका, पुष्कळ जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. स्कॅनरवर कूलंटचं टेंपरेचर वाचा, गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी ते बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे आणि चालवून आल्यावर ८५-९० च्या आसपास. दोन्ही वेळा बरोबर दिसलं तर सेन्सर सुटला. सकाळी बरोबर पण चालवून आल्यावरही ६०-६५ वरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का बघा, थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप लगेचच कोमट व्हायला लागला तर तो अडकलाय समजा, कारण थर्मोस्टॅट बंद असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो.

ट्रिम मायनसमध्ये असेल तर पेट्रोलच्या चोरवाटा शोधायच्या. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढा, नळीत पेट्रोलचा थेंब किंवा नुसता जोरदार वास जरी आला तरी आतला डायफ्रॅम फाटलाय आणि पेट्रोल सरळ इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) ओढलं जातंय. मग टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह, तो उघडा अडकू शकतो, त्याची नळी चिमट्याने दाबून धरली आणि सीओ पडला तर तोच. मग गळका इंजेक्टर, त्याची खूण म्हणजे गरम गाडी थोडा वेळ उभी करून परत स्टार्ट करताना कुरकुर करते आणि सुरुवातीला काळा धूर टाकते.

आणि इंजिन ऑइल, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. गाडी रोज जवळच्या जवळच फिरत असेल, नीट तापतच नसेल, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. टेस्टच्या वेळी इंजिन तापलं की तेच पेट्रोल वाफ होऊन ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात येतं. डिपस्टिक काढून वास घ्या, लेव्हल वाढलेली आहे का बघा. पक्की खात्री करायची तर ॲनालायझर लावलेला असताना ब्रीदरची नळी इनटेकच्या बाजूने काढून ते भोक बंद करा. सीओ झपकन खाली आला तर ऑइल आणि फिल्टर बदला, एवढ्यावर पास होणाऱ्या गाड्या खरंच असतात.

आणि हो, हे सगळं मोकळ्या हवेत करा, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून अजिबात नको. सीओला वास नसतो आणि तो जीव घेतो.

प्रश्न: माझं वेगळंच कोडं आहे. स्कॅनरवर 'सिस्टिम टू लीन' असा कोड येतो आणि टेस्टमध्ये मात्र सीओ दोनच्या वर, एचसी ७००, ऑक्सिजनही अडीच. लीन आहे की रिच आहे तेच कळत नाही. ओटू सेन्सर नवीन टाकून झाला, फरक शून्य. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, गाडी थोडी थरथरते.

उत्तर: तुमची गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, थरथर तीच आहे, आणि बाकी सगळा घोळ तिथून सुरू होतो.

ओटू सेन्सर, म्हणजेच लॅम्डा सेन्सर, बॉशने १९७६ मध्ये बाजारात आणला आणि व्होल्वोने तो पहिल्यांदा आपल्या गाडीत वापरला, तेव्हापासून त्याचं तत्त्व तेच आहे, तो पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन बघतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की त्यातली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता जसेच्या तसे बाहेर येतात. पेट्रोल सेन्सरला दिसत नाही, हवा दिसते. तो ओरडतो लीन, ईसीयू सगळ्याच सिलिंडरांना पेट्रोल वाढवतो, जे सिलिंडर ठीक होते ते आता रिच झाले, त्यांचा सीओ आणि मेलेल्या सिलिंडरची हवा दोन्ही सायलेन्सरमधून एकदम बाहेर. म्हणून तुम्हाला सीओही जास्त आणि ऑक्सिजनही जास्त दिसतोय. नवीन सेन्सरने तरी काय करायचं, तो खरंच सांगतोय.

कोणता सिलिंडर मेलाय ते शोधायला इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा प्लग काढा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच डगमगतं, मेलेल्याचा काढला की काहीच फरक पडत नाही. पूर्वीसारखी स्पार्क प्लगची वायर ओढून हे करू नका, एकतर शॉक बसतो आणि दुसरं म्हणजे ते सगळं पेट्रोल न जळता कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतं. सिलिंडर सापडला की त्याचा स्पार्क प्लग शेजारच्यात टाका, मग कॉइल किंवा वायर शेजारच्याला लावा, आणि मिसिंग कोणाच्या मागे जातं ते बघा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी बारीक रेघ दिसली तर ठिणगी तिथून बाहेरच्या बाहेर पळतेय, मग प्लग आणि त्यावरचा रबरी बूट दोन्ही बदला, एकच बदलला तर ती रेघ थोड्या दिवसांत दुसऱ्यावरही उमटते. जुन्या वायरी असतील तर अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करून बघा, गळकी ठिणगी निळी चमकताना डोळ्यांनी दिसते.

ठिणगी ठीक निघाली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, बघा. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला तडा असेल किंवा पॅकिंग उडालेलं असेल तर एक्झॉस्टच्या धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तसाच फसतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर बंद होतो, ही त्याची खूण, कारण लोखंड तापून फुगलं की तडा मिटतो.

प्रश्न: सीओ ०.१, एचसी पण कमी, सगळं छान, आणि तरी गाडी फेल! कारण दिलंय लॅम्डा १.०८. ऑक्सिजन १.६, सीओटू १३.९. इंजिन मस्त चालतं. आता ह्यात काय दुरुस्त करायचं?

उत्तर: इंजिन बहुतेक ठीकच आहे, सायलेन्सरची लाइन बघा. सेन्सरच्या पुढे कुठेतरी जॉइंट गळतोय आणि तिथून आलेली हवा टेस्टच्या नमुन्यात मिसळतेय. मशीनला काय माहीत ती हवा इंजिनातून आली की भोकातून, ते लीन म्हणून मोकळं होतं.

एकाने जाड हातमोजा घालून फडकं सायलेन्सरच्या तोंडावर थोडा वेळ दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली वाकून ऐकायचं. लाइन टाइट असेल तर दाब वाढून इंजिन दमायला लागतं, गळत असेल तर फुसफुस ऐकू येते. जॉइंटच्या भोवती काजळीचा काळा फराटा असतोच, आणि जाळीवाला फ्लेक्स पाइप असेल तर त्याच्या खालची बाजू हाताने चाचपा, जाळी बाहेरून शाबूत दिसते आणि आतला पाइप फाटलेला असतो. टेस्टची नळी सायलेन्सरमध्ये पुरेशी आत घातली नव्हती तरी अगदी असेच आकडे येतात, म्हणून पुढच्या वेळी तिथे उभे राहून ती नीट आत जातेय का तेही बघा.

प्रश्न: कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी आहे, कॅट वगैरे काही नाही. आयडलला एचसी ९०० आणि सीओ फक्त ०.४, ऑक्सिजन चार. रेस केली की एचसी बराच खाली येतो. स्क्रू फिरवून फिरवून दमलो.

उत्तर: स्क्रू सोडा, हवा शोधा. सीओ एवढा कमी आणि एचसी एवढा जास्त म्हणजे मिश्रण इतकं पातळ झालंय की पेटतच नाहीये, लीन मिसफायर. ठिणगीचा दोष असता तर बाकीचे सिलिंडर नेहमीसारखे चालले असते आणि कॅट नसलेल्या गाडीत सीओ एवढा पडला नसता. आणि रेस केल्यावर सुधारतं ह्याचा अर्थ बाहेरून थोडीशी हवा शिरतेय, आयडलला इंजिन हवा कमी ओढतं तेव्हा तेवढी हवाही खूप होते, रेसला ती बाकीच्या हवेत हरवून जाते.

हवा शिरायच्या जागा ह्या: कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची जाड नळी, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम ॲडव्हान्सचा डायफ्रॅम, आणि थ्रॉटलच्या दांड्याची झिजलेली भोकं. आयडलला एकेक नळी चिमट्याने दाबत जा, ज्या नळीला इंजिनचा आवाज सुधारला तिथे गळती. थ्रॉटलचा दांडा वरखाली हलवून बघा, खडखडत असेल तर त्या कार्ब्युरेटरला बुशिंग घातल्याशिवाय आयडल कधीच सेट होणार नाही, स्क्रू कितीही फिरवा.

कुठेच हवा सापडली नाही तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा. घट्ट टॅपेटमुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आयडलला मिसिंग होतं आणि रेसला लपतं, आणि असंच बरेच दिवस चालवलं तर व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट सेट करून कॉम्प्रेशन मोजा, एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल तर हेड उघडावं लागेल.

प्रश्न: माझ्या कार्ब्युरेटर गाडीचं बरोबर उलटं आहे. सीओ सहा टक्के, पेट्रोलचा वास, ॲव्हरेज गेलं.

उत्तर: एअर फिल्टर काढून टेस्ट करा, सीओ लगेच घसरला तर फिल्टर चोंदलाय. नाही घसरला तर चोकची पट्टी गरम इंजिनात सरळ उभी उघडते का ते वरून डोकावून बघा, अर्धवट अडकलेला चोक हे सगळ्यात नेहमीचं कारण. तेही ठीक असेल तर कार्ब्युरेटर ओव्हर होतोय, म्हणजे त्यात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त भरतंय, फ्लोटची सुई झिजलीय किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरून तो जड झालाय. फ्लोट काढून कानाशी हलवला तर आतलं पेट्रोल खळखळतं. हे न करता नुसता मिक्श्चर स्क्रू आवळून पास करून घेतलं तर आयडलला आकडा सुंदर येतो आणि रस्त्यावर गाडी तशीच पेट्रोल पीत राहते.

प्रश्न: एचसी जास्त येतो, आणि रोज सकाळी सुरू केल्यावर निळा धूर निघतो, नंतर थांबतो. इंजिन काढायला लागेल का?

उत्तर: बहुतेक नाही. रात्रभर उभ्या गाडीचा पहिला धूर निळा असेल तर व्हॉल्व्हच्या गाइडवरचे रबरी सील कडक झालेत, ऑइल रात्री हळूहळू खाली झिरपतं. लांब उतारावर पाय काढून आल्यावर परत ॲक्सिलरेटर दिला की धुराचा झोत येतो, तीही सीलचीच खूण. बऱ्याच इंजिनांत हे सील हेड न काढता बदलता येतात. पिकअप देताना, लोडवर, सतत निळा धूर असेल तर मात्र पिस्टनच्या रिंग गेल्यात. कॉम्प्रेशन मोजा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा, आकडा चांगला वाढला तर रिंग गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. सील लवकर करून घ्या, कारण ऑइलमधला फॉस्फरस कॅटवर थर धरतो आणि तो थर परत निघत नाही.

प्रश्न: मग कॅट खरंच गेलाय हे ओळखायचं तरी कसं? सगळेच "कॅट नाही, दुसरं काहीतरी आहे" म्हणतात आणि माझी गाडी फेलच होते आहे. प्लग, सेन्सर, फिल्टर सगळं झालं, लॅम्डा १.०० येतो.

उत्तर: तुमच्याच आकड्यात उत्तर आहे. लॅम्डा १.०० म्हणजे सीओ जाळायला लागणारा ऑक्सिजन हजर आहे. इंजिन पूर्ण गरम करा, २५०० आरपीएमवर थोडा वेळ धरा, आणि त्याच वेळी सीओ आणि ऑक्सिजन एकत्र बघा. दोघंही अर्ध्या टक्क्याच्या वर शेजारी शेजारी दिसत असतील, लाइन कुठे गळत नसेल आणि मिसिंग नसेल, तर दोघांना एकत्र आणून जाळायचं ज्याचं काम आहे तो कॅट ते करत नाहीये. तुमचा कॅट गेला, बदला.

कॅटच्या पुढचं आणि मागचं टेंपरेचर मोजायची एक पद्धत सांगतात, मागे जास्त गरम म्हणजे चांगला. त्या एकट्या पद्धतीवर मी भरवसा ठेवत नाही, इंजिन स्वच्छ चालत असेल तर कॅटला जाळायला फारसं काही मिळतच नाही आणि चांगला कॅटही फरक दाखवत नाही. कॅटवर रबरी हातोड्याने हलकं ठोका, आत खुळखुळ वाजलं तर आतली वीट, म्हणजे जाळीदार गाभा, फुटलीय.

पण तो कशामुळे गेला, हे शोधल्याशिवाय नवीन बसवू नका. विटेचं मधलं जाळं वितळून गोळा झालं असेल तर कधीतरी मिसिंग करत गाडी बरेच दिवस चालली आहे. पांढरट राखेसारखा थर असेल तर इंजिन ऑइल खातंय किंवा हेड पॅकिंगमधून कूलंट आत येतंय. जोडकाम करताना पॅकिंगवर साधं सिलिकॉन लावलं असेल तर त्याच्या वाफेने ओटू सेन्सरही मरतो, म्हणून सेन्सरला चालेल असंच सीलंट वापरायला सांगा.

प्रश्न: टेस्टच्या आधी हायवेवर पळवून नेली तर पास होते, रांगेत उभी राहिली की फेल. आणि मित्र म्हणतो टाकीत थिनर किंवा अल्कोहोल घाल, ते खरं का?

उत्तर: कॅटला काम सुरू करायला साधारण २५० ते ३०० डिग्री लागतात, रांगेत नुसत्या आयडलवर तो गार होत जातो. गाडी गरम करून नेणं ह्यात लबाडी काहीच नाही, टेस्ट गरम इंजिनाचीच असते. नंबर जवळ आला की रेस थोडी वर धरून ठेवा. पण चांगल्या कॅटला एवढे लाड लागत नाहीत, थोड्याशा उभं राहण्यानेच फेल होत असेल तर तो म्हातारा झालाय किंवा मिश्रण थोडं रिच आहे, वरच्या उत्तरातली तपासणी करा.

थिनर घालू नका. अल्कोहोलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून कार्ब्युरेटर गाडीत मिश्रण थोडं लीन होऊन सीओ खाली दिसतो, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू ते ओळखून पेट्रोल वाढवतो आणि फायदा गेला. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम मात्र थिनरने फुगतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग.

प्रश्न: डिझेल गाडी, काळा धूर, फेल. इंजेक्टर बदलावे लागतील का?

उत्तर: आधी तिला नीट तापवून मोकळ्या रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये दमदार चालवा. फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी साठते आणि टेस्टमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती सगळी एकदम बाहेर येते. टेस्टला इंजिन शेवटपर्यंत रेस करतात, म्हणून टायमिंग बेल्टची मुदत झाली असेल तर आधी बेल्ट, मग टेस्ट. ऑइलची लेव्हलही बघून न्या.

तरीही काळा असेल तर हवा कमी पडतेय. एअर फिल्टर, मग ईजीआर व्हॉल्व्ह, थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारा, तो काजळीने उघडा अडकला की ताज्या हवेच्या जागी जळका धूर आत जातो. टर्बो असेल तर इंटरकूलरच्या रबरी पाइपांच्या खालच्या बाजूने हात फिरवा, फाटलेल्या जागी ऑइलची ओल लागते. एवढं झाल्यावर इंजेक्टर, तेही आधी टेस्ट बेंचवर लावून बघा, थेंब टपकवणारा नोझल तिथे लगेच दिसतो आणि सगळेच बदलायची वेळ क्वचित येते. धूर काळा नसून पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर डिझेल न जळता येतंय, टायमिंग, कॉम्प्रेशन आणि थंडीतले ग्लो प्लग बघा.

आणि गाडीला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ चांगला असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. बोट काळं झालं तर डीपीएफ फुटलाय किंवा आधीच्या मालकाने तो आतून रिकामा केलाय, मग इंजेक्टरवर खर्च करण्याआधी तो उघडून बघा.